वय झालं म्हणून ‘शेक’ नाकारू नका

भिवापूर : ‘आजोबा 85 चे, घशाच्या कॅन्सरला आता शेक कशाला?’ असं घरचे म्हणतात. पण रेडिओथेरपी केवळ वय पाहून ठरत नाही. आजार किती पसरला, रुग्ण चालतो का, गिळता येतं का, हे डॉक्टर पाहतात.

स्वरयंत्रापुरता लहान आजार नुसत्या शेकानेही बरा होऊ शकतो. पूर्ण कोर्स साधारण 6 ते 7 आठवडे, आठवड्याला 5 दिवस असतो. शेक घेताना दुखत नाही. पुढे घसा सोलवटतो, जेवण कमी होतं, वजन घटतं.

उमरेडमार्गे नागपूरला रोजची ये-जा झेपत नसेल, तर राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल किंवा जामठ्याच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत पहिल्याच भेटीत मुक्कामाचं आणि कमी दिवसांच्या कोर्सचं विचारावं. आजार पुढे गेला असला, तरी 4-5 शेकांनी दुखणं हलकं होऊ शकतं.

आवाज 3 आठवडे बसलेलाच असेल, तर घसा तपासून घ्यावा.