प्रत्यारोपणाच्या आधीची वर्षे

2024 च्या मार्च महिन्यात बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये रिक स्लेमन या 62 वर्षांच्या गृहस्थांच्या शरीरात डुकराची किडनी बसवण्यात आली. माणसाच्या शरीरात ती सुरक्षितपणे चालावी म्हणून त्या डुकराच्या जनुकांत 69 बदल केलेले होते. बातमी जगभर गाजली, आणि ती गाजण्याजोगीच होती. 1954 साली याच शहरात डॉ. जोसेफ मरे यांनी जुळ्या भावांपैकी एकाची किडनी दुसऱ्याला बसवली आणि तिथून यशस्वी प्रत्यारोपणाचा इतिहास सुरू झाला. स्लेमन जेमतेम दोन महिने जगले. त्यांचा मृत्यू नव्या किडनीमुळे झाल्याचे दिसत नाही, असे रुग्णालयाने जाहीर केले. पण या बातमीतला एक तपशील मला शस्त्रक्रियेइतकाच महत्त्वाचा वाटतो. स्लेमन यांना कित्येक वर्षांपासून मधुमेह आणि उच्च रक्तदाब होता. त्यातून किडन्या गेल्या, डायलिसिस सुरू झाले, 2018 साली माणसाची किडनी मिळाली, पाचेक वर्षांत तीही थकली, पुन्हा डायलिसिस लागले आणि मग डुकराची किडनी आली. बातमी या साखळीच्या शेवटच्या कडीची झाली. पहिली कडी आपल्याकडच्या लाखो घरांत आज, या क्षणी आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

किडनीच्या आजारावरच्या गेल्या तीस वर्षांच्या संशोधनातले सर्वांत मोठे यश शस्त्रक्रियागृहात मिळालेले नाही, ते साध्या गोळ्यांच्या चाचण्यांतून मिळाले आहे, असे मी पुराव्यानिशी म्हणू इच्छितो. त्या गोळ्या आपल्या देशात बनतात, बऱ्याच स्वस्तही झाल्या आहेत. तरीही त्यांचा लाभ होत नाही, कारण आपण आजार वेळेवर पकडत नाही. तो पकडायला लागते ती लघवीची एक आणि रक्ताची एक तपासणी.

आजार उशिरा का कळतो, हे समजण्यासाठी किडनीच्या स्वभावाकडे पाहावे लागते. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात आणि दोन्ही मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक सगळा पुन्हा रक्तात घेतला जातो आणि दीड-दोन लिटर लघवी होते. काही गाळण्या मेल्या की उरलेल्या त्यांचे काम अंगावर घेतात. बाहेरून काहीच बिघडलेले दिसत नाही. दुखत नाही, लघवी कमी होत नाही, थकवाही फारसा जाणवत नाही. रक्तातले क्रिएटिनिन नेहमीच्या मर्यादेबाहेर जाईपर्यंत किडनीची जवळजवळ निम्मी ताकद संपलेली असू शकते. ज्यांच्या अंगावर मांस कमी, अशा कृश माणसांत तर क्रिएटिनिनचा आकडा आणखी फसवा ठरतो, कारण ते स्नायूंतून तयार होते. स्नायूच कमी असले तर किडनी बिघडूनही आकडा बरा दिसतो. पाय सुजणे, मळमळ, धाप ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा रोगी डायलिसिसच्या दारात उभा असतो. अमेरिकी संशोधक बॅरी ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात यातले मर्म ओळखले. उरलेल्या गाळण्यांवर जो जादा दाब येतो तोच त्यांना मारतो, त्यामुळे मूळ कारण शमले तरी नाश चालूच राहतो, असे त्यांचे म्हणणे होते. या दाबाने गाळणी सैल झाली की रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत झिरपू लागते. मधुमेहात आजाराची पहिली खूण बहुधा हीच असते, आणि ती क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी वर्षे आधी सापडते.

दाबच मारेकरी असेल तर दाब उतरवणारे औषध किडनी वाचवील, हा तर्क 1993 साली सिद्ध झाला. मधुमेहामुळे किडनीला इजा झालेल्या 409 रुग्णांच्या चाचणीत कॅप्टोप्रिल घेणाऱ्यांमध्ये मृत्यू, डायलिसिस किंवा प्रत्यारोपण यांची जोखीम निम्म्याने घटली. 2001 साली लोसार्टान या औषधानेही प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहात किडनी निकामी होण्याचे प्रमाण 28 टक्क्यांनी कमी करून दाखवले. पुढची जवळजवळ अठरा वर्षे मात्र हाती फारसे काही नवे लागले नाही. मग मदत आली ती अनपेक्षित दिशेने. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून 1835 साली वेगळ्या केलेल्या एका कडू द्रव्यामुळे लघवीतून साखर जाते, हे जुनेच ज्ञान होते. त्यावरून मधुमेहासाठी ग्लिफ्लोझिन गटाची औषधे तयार झाली. शुगर उतरवण्यात ती मध्यमच निघाली, पण गाळण्यांवरचा दाब उतरवण्यात विलक्षण. 2019 साली कॅनाग्लिफ्लोझिनची आणि 2020 साली डापाग्लिफ्लोझिनची चाचणी, प्रत्येकी चार हजारांहून अधिक रुग्णांवरची, ठरलेल्या मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण फायदा स्पष्ट दिसत होता. दुसऱ्या चाचणीत किडनीचे काम निम्म्यावर येणे, ती निकामी होणे किंवा किडनी-हृदयाच्या कारणाने मृत्यू ओढवणे यांची एकत्रित जोखीम 39 टक्क्यांनी कमी झाली. त्या रुग्णांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांना मधुमेह नव्हताच, आणि फायदा त्यांनाही झाला. एम्पाग्लिफ्लोझिनच्या साडेसहा हजार रुग्णांच्या चाचणीने तेच पुन्हा दाखवले, आणि 2024 साली सेमाग्लुटाइड या इंजेक्शनची भर पडली.

टक्केवारीने डोळ्यांपुढे चित्र उभे राहत नाही, म्हणून 2019 च्या चाचणीतला एक साधा आकडा घेऊ. किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळते हा तिच्या ताकदीचा मापदंड. निरोगी तरुण माणसात तो शंभराच्या आसपास असतो, आणि दहाच्या खाली गेला की बहुतेकांना डायलिसिस लागते. चाचणीतल्या रुग्णांचा हा आकडा सरासरी 56 होता आणि त्यांच्या लघवीतून बरेच अल्ब्युमिन जात होते. जुनी औषधे सगळ्यांनाच चालू होती. तेवढ्यावरच राहिलेल्यांची ताकद पहिल्या काही आठवड्यांनंतर वर्षाला 4.59 ने घटत होती. ज्यांना नवी गोळी मिळाली त्यांची 1.85 ने. आता 56 वरून 10 वर यायला पहिल्या वेगाने किती वर्षे लागतील? साधारण दहा. दुसऱ्या वेगाने वीस वर्षांहून अधिक. पन्नाशीतल्या माणसाच्या बाबतीत याचा अर्थ असा, की साठाव्या वर्षी मशीनला जोडून घ्यायचे की सत्तरी आपल्याच किडनीवर ओलांडायची. हा सरासरीवरून मांडलेला हिशेब आहे, प्रत्येकाचा वेग वेगळा असतो, हे मान्य. पण त्यातली आणखी एक गोष्ट नजरेआड करू नये. हीच गोळी आकडा 25 वर आल्यावर सुरू केली तर वाचवायला उरतात फक्त पंधरा. औषध तेच, पण उशिरामुळे त्याचे मोल किती कमी होते ते पाहा.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की ही औषधे आजार बरा करत नाहीत, फक्त पुढे ढकलतात. खरे आहे. पण प्रत्यारोपण तरी दुसरे काय करते? दान मिळालेली किडनी सर्वसाधारणपणे दहा ते वीस वर्षे चालते. तेवढ्या काळात प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे रोज घ्यावी लागतात, आणि आपल्यासारख्या क्षयरोगाच्या देशात त्या दडपणाची किंमत भारी असते. ज्या किडनीला शरीर मुळातच आपली मानते तिची दहा वर्षे वाढवणे ही दुय्यम गोष्ट कशी? दुसरी अडचण दवाखान्यातली आहे. ही औषधे सुरू करताच पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडे वर जाते. दाब उतरल्याचीच ती खूण, पण रिपोर्ट पाहून रुग्ण घाबरतो, कधी डॉक्टरही, आणि गोळी बंद होते. अर्थात धोके नाहीत असे नाही. जुन्या औषधांनी पोटॅशियम वाढू शकते आणि गरोदरपणात ती चालत नाहीत. नव्यांनी गुप्तांगाचा जंतुसंसर्ग आणि क्वचित रक्तात आम्ल वाढण्याचा गंभीर प्रकार होतो. म्हणून ती स्वतःच्या मनाने घ्यायची नाहीत. पण हे धोके ठाऊक असलेले आणि सांभाळता येण्याजोगे आहेत.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. अशा मांडणीने अवयवदानाच्या चळवळीचे बळ कमी होईल, असे काही कार्यकर्त्यांना वाटेल. त्यांच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि महाराष्ट्राचा या क्षेत्रातला वाटाही मोठा आहे. भारतातला पहिला किडनी प्रत्यारोपणाचा प्रयत्न 1965 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात झाला. 1994 चा अवयव प्रत्यारोपण कायदा सुरुवातीला ज्या राज्यांत लागू झाला त्यांत गोवा आणि हिमाचल प्रदेशाबरोबर महाराष्ट्र होता. किडनी पूर्ण गेली की प्रत्यारोपण हाच सर्वांत चांगला उपाय, यातही शंका नाही. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने प्रतीक्षायादीत डायलिसिसवर राहिलेल्यांपेक्षा प्रत्यारोपण झालेल्यांचे दीर्घकालीन मृत्युप्रमाण बरेच कमी असल्याचे दाखवून दिले. पण देशाचे आकडे पाहिले की मन खचते. भारतात दरवर्षी सुमारे 2.2 लाख लोकांच्या किडन्या शेवटच्या टप्प्यात जातात, असा सरकारच्याच डायलिसिस योजनेचा अंदाज. 2023 साली किडनी प्रत्यारोपणे झाली तेरा हजारांच्या थोडी वर, आणि मेंदूमृत दाते मिळाले देशभरात मिळून अकराशेच्या आसपास. उद्या दात्यांची संख्या पाचपट झाली, आणि ती व्हायलाच हवी, तरी रांग संपणार नाही. मागून येणारे लोक कमी झाले तरच रांग आटोक्यात येईल. दानातून आलेली प्रत्येक किडनी मग तिची खरी गरज असलेल्याला, जन्मजात दोषाने किंवा वंशागत आजाराने किडन्या गमावलेल्या तरुणाला, लवकर मिळेल.

शिवाय आपल्याकडच्या बहुसंख्य किडन्या मेंदूमृत दात्यांकडून येतच नाहीत, त्या घरातून येतात. जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे भारतातल्या नोंदींत वर्षानुवर्षे दिसते. आई मुलाला देते, बायको नवऱ्याला देते. त्यातले प्रेम खरे असते, आणि ‘तो कमावता आहे’ हे न बोललेले दडपणही खरे असते. दानाचे कौतुक करताना एक प्रश्न आपण कधीच विचारत नाही: नवऱ्याच्या लघवीतले अल्ब्युमिन दहा वर्षांपूर्वी तपासले असते तर या बाईला ऑपरेशन टेबलावर झोपावे लागले असते का? काहींच्या बाबतीत लागलेच असते. पण अनेकींच्या बाबतीत नाही. उशिराचा दंड ज्याने तपासणी टाळली त्याला एकट्याला होत नाही, आणि म्हणून मी या प्रश्नाला आरोग्याइतकाच न्यायाचाही प्रश्न मानतो.

तिसरा आक्षेप वैद्यकशास्त्राच्या आतला आहे आणि तो सर्वांत वजनदार आहे. सरसकट तपासण्या केल्या तर वयोमानाने किडनी थोडी मंद झालेल्या हजारो वृद्धांना उगाच रोगी ठरवले जाईल, त्यांची झोप उडेल, औषधांची बिले वाढतील. 2012 साली अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने लक्षणे नसलेल्यांची तपासणी करावी की नाही हे ठरवायला पुरेसा पुरावा नाही, असाच निर्वाळा दिला होता. तेव्हा तो बरोबरही होता, कारण आजार कळून फारसे करता येत नव्हते. 2019 नंतर मात्र परिस्थिती बदलली आहे. तरी तपासणी सगळ्यांची नको, ज्यांना धोका आहे त्यांची हवी: मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, घरात कुणाला किडनीचा आजार, वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्या घेण्याची सवय. आणि एका रिपोर्टवरून कुणालाही रोगी म्हणायचे नाही. बिघाड तीन महिने टिकला तरच आजार, हा नियम पाळला तर बरीचशी भीती टळते. या यादीत मी आणखी एक वर्ग घालीन. आंध्र प्रदेशातल्या उद्दानम भागात मधुमेह वा रक्तदाब नसतानाही शेतकरी-मजुरांच्या किडन्या जात आहेत, आणि निकाराग्वा, एल साल्वादोरमध्ये ऊसतोड कामगारांच्या अशाच आजारात उन्हातले कष्ट आणि पाण्याची कमतरता यांचा मोठा वाटा असल्याचे संशोधक सांगतात. लाखो ऊसतोड मजूर असलेल्या राज्याने हे वाचून गप्प बसू नये.

राहता राहिला पैशाचा मुद्दा. महात्मा जोतिराव फुले योजनेत एका किडनी प्रत्यारोपणासाठी साडेचार लाख रुपयांपर्यंत तरतूद आहे, आणि ती असायलाच हवी. पण डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट भारतात 2020 साली संपले, एम्पाग्लिफ्लोझिनचे 2025 मध्ये. दोन्हींच्या किमती झपाट्याने उतरल्या. ‘आयसीएमआर’च्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि ढोबळमानाने त्यांतल्या तिघांपैकी एकाच्या किडनीला झळ पोचते. एवढ्यांसाठी किडनीतज्ज्ञ पुरणे शक्य नाही. ते शहरांत एकवटलेले आहेत. पण ही तपासणी आणि या गोळ्या यांना किडनीतज्ज्ञ लागतही नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर ते करू शकतो. आशाताई गावात बीपी आणि शुगरची नोंद करतातच. त्याच नोंदीला लघवीतल्या अल्ब्युमिनचा एक रकाना जोडायचा आणि सरकारी दवाखान्यात या दोन-तीन गोळ्या कायम मिळतील एवढे पाहायचे. जागतिक आरोग्य सभेने मे 2025 मध्ये किडनीच्या आरोग्याविषयीचा ठराव मंजूर केला आहे, त्यामुळे सरकारकडे निमित्तही आहे.

सरकार ते करील तेव्हा करील. तोवर तुमच्या घरात कुणाला मधुमेह किंवा बीपी असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: लघवीतल्या अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचे गुणोत्तर किती आहे, आणि किडनीची गाळण्याची क्षमता गेल्या वर्षीपेक्षा किती घटली. गेल्या वर्षीचा रिपोर्ट सोबत न्यायला विसरू नका.