एक व्हिडिओ, तीस पडदे : घोडं अडतंय कुठे?

आजच्या भागात तो प्रश्न घेऊया, जो मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. "सर, एका कॉम्प्युटरवर व्हिडिओ मस्त चालतो. पण लॅबमधल्या तीसही मुलांनी एकदम लावला की गोल चक्र फिरत बसतं. इंटरनेटचा मोठा प्लॅन घेऊ का?"

माझं उत्तर ठरलेलं असतं: आधी पैसे खिशात ठेवा. व्हिडिओ जर शाळेतल्याच सर्व्हरवर असेल, तर तो मुलांपर्यंत पोचताना इंटरनेटच्या वाटेला जातच नाही. सर्व्हर, स्विच, केबल किंवा वाय-फाय आणि मुलाचा कॉम्प्युटर, एवढाच त्याचा प्रवास. बाहेरचा प्लॅन दुप्पट केला तरी आतली वाट तेवढीच राहते. छोट्या शाळेचं वर्षाचं बजेट असं वाया जाताना बघवत नाही, म्हणून आपण शोध पद्धतशीर घेऊया.

पहिला प्रश्न : कोण अडखळतंय? एकच कॉम्प्युटर थांबत असेल, तर दोष त्याच्यात किंवा त्याच्या केबलमध्ये शोधा. एका रांगेतले सगळे थांबत असतील, तर त्या रांगेचा स्विच बघा. सगळेच एकदम थांबत असतील, तर अडचण सगळ्यांच्या सामाईक वाटेवर आहे. म्हणजे सर्व्हर, किंवा सर्व्हरपासून मुख्य स्विचपर्यंतची केबल.

आता गणित. सर्व्हर साधारणपणे प्रत्येकाला वेगळी प्रत पाठवतो. पंगतीत वाढपी प्रत्येक पानापाशी जाऊन वाढतो, तसंच. व्हिडिओचा बिटरेट ४ एमबीपीएस असेल, तर ३० जणांसाठी १२० एमबीपीएस लागतात. सर्व्हरचं पोर्ट १ गिगाबिटचं असेल, तर हे किरकोळ काम आहे. पण दुवा १०० एमबीपीएसवर जुळला असेल, तर हातात प्रत्यक्ष ९४च्या आसपास येतात. ९४ भागिले ४, म्हणजे २३ जण सुखात. चोविसावा आला की फक्त तोच अडखळत नाही, हळूहळू सगळेच अडखळायला लागतात, कारण आहे ते सगळ्यांत वाटलं जातं. "अमुक संख्येपर्यंत ठीक, त्यापुढे सगळंच कोलमडतं" असं दिसलं, की समजा वाट अरुंद पडते आहे.

नवीन स्विच असूनही दुवा १००वर का येतो? नेटवर्क केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. नेहमीच्या गिगाबिटला चारही लागतात. १०० एमबीपीएसचं काम दोन जोड्यांवर भागतं. कनेक्टर नीट क्रिम्प झाला नसेल किंवा टेबलाच्या पायाखाली एखादी तार तुटली असेल, तर यंत्रं बऱ्याचदा मुकाट्याने १००वर उतरतात. दिवा लागलेला असतो, व्हिडिओ चालू असतो, त्यामुळे कुणाला शंकाच येत नाही. म्हणून विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड वाचा. लिनक्सवर 'ईथटूल' तेच सांगतं. मध्ये कुठे जुना १०० एमबीपीएसचा स्विच लपलाय का, तेही बघा.

लिंक स्पीड बरोबर आहे, तरी अडतंय? मग 'आयपर्फ-३' हे मोफत साधन सर्व्हरवर आणि एका कॉम्प्युटरवर चालवा. ते हार्ड डिस्कला हात न लावता नुसती वाट मोजतं. गिगाबिटवर ९४०च्या जवळपास आकडा आला, तर तेवढी वाट मोकळी आहे. आता संशय सर्व्हरवर : डिस्क एकाच वेळी तीस ठिकाणचं वाचताना दमते का? सर्व्हर प्रत्येकासाठी व्हिडिओचं नव्याने रूपांतर करतोय का? प्रोसेसर १०० टक्क्यांवर दिसला, तर मुलांचे कॉम्प्युटर थेट चालवू शकतील अशा स्वरूपात फाइल आधीच बदलून ठेवा.

वाय-फायची गोष्ट वेगळी. तिथे एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. ॲक्सेस पॉइंटजवळच्या लॅपटॉपला प्रत्यक्ष २०० एमबीपीएस मिळत असतील, तर ४ एमबीपीएसच्या व्हिडिओला हवेतला २ टक्के वेळ पुरतो. भिंतीपलीकडच्या लॅपटॉपला जेमतेम ८ मिळत असतील, तर तो एकटा निम्मा वेळ खातो! एक दूरचा सगळ्या वर्गाला मागे खेचतो. त्याला केबल द्या, किंवा त्याच्याजवळ दुसरा ॲक्सेस पॉइंट वेगळ्या चॅनेलवर लावा.

"मग मल्टिकास्ट का नको?" असं कुणीतरी विचारतंच. कार्यक्रम थेट असेल आणि सगळे एकच क्षण बघत असतील, तर केबलवर ते उत्तम. लाउडस्पीकरसारखं, एकदाच बोललं की सगळ्यांना ऐकू जातं. मात्र स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग नीट चालू हवं, नाहीतर तो प्रवाह नको त्या पोर्टांवरही ओतला जातो. वाय-फायवर मल्टिकास्ट बहुधा सगळ्यात कमी वेगाने जातं आणि हरवलेलं पॅकेट पुन्हा येत नाही, म्हणून तिथे जपून.

शेवटचं. प्लेअर सुरुवातीला थोडा साठा करून ठेवतो, त्यामुळे पहिले काही सेकंद फसवे असतात. प्रत्येक चाचणी पाच मिनिटं चालू द्या. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. पाचशे रुपयांच्या आतली केबल बदलून काम होणार असेल, तर ते आधी कळायला हवं. तुमच्या लॅबचे आकडे जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात!