आडनावातला ‘नीस’

फडणीस, चिटणीस, पोतनीस, पारसनीस. यांतला ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. ‘फर्द’ म्हणजे हिशेबाचा कागद. तो लिहिणारा फर्दनवीस, बोलता बोलता झाला फडणीस. ‘फडणवीस’मध्ये तर अख्खा ‘नवीस’ शाबूत आहे. पारसनिसाकडे फारसी पत्रव्यवहार असे.

ही फारसी इथे रुजली ती राज्यकारभारातून. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दख्खनमधल्या दौलताबादेला राजधानी केली. पुढे दख्खनच्या सुलतानशाह्यांतही दफ्तरात फारसीचा दरारा राहिला.

१६७४ च्या राज्याभिषेकावेळी शिवाजी महाराजांनी पदांना संस्कृत नावं दिली. वाकनीस ‘मंत्री’ झाला, सुरनीस ‘सचिव’. आडनावांनी मात्र दाद दिली नाही; फारसी ‘नीस’ मराठी घरांच्या पाट्यांवर आजही आहे.