मिरची, सागवान आणि संसद : आपला प्रश्न कोणत्या दारी न्यावा?

नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, तेलंगणाच्या सीमेलगत वसलेले धर्माबाद लाल मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. या मिरचीची एक गंमत सांगण्यासारखी आहे. तोडणीनंतर ती हिरवी व ताजी विकली, तर तिच्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही. तीच मिरची उन्हात वाळवून लाल झाली, की ती मसाल्याच्या वर्गात मोडते आणि तिच्यावर 5 टक्के कर येतो. स्वतःचा माल विकणाऱ्या शेतकऱ्याला या कायद्याखाली नोंदणी करावी लागत नाही हे खरे. परंतु व्यापारी माल पुढे पाठवताना कर लावतो आणि त्याचा हिशेब भाव बोलताना कोठेतरी येतोच.

धर्मग्रामांना भेटी देताना भाविक मंडळी असे प्रश्न आम्हां धर्मगुरूंनाही विचारतात. वाळलेल्या मिरचीवर कर का? बांधावरचा सागवान तोडायला परवानगी कशाला? डिझेल एवढे महाग का? आणि मग ठरलेले वाक्य येते: "आपले खासदार दिल्लीत हे का बोलत नाहीत?" राग समजण्यासारखा आहे. परंतु या तीन प्रश्नांची उत्तरे तीन निरनिराळ्या ठिकाणी ठरतात आणि ते ठाऊक नसल्याने आपला अर्ज बहुधा चुकीच्या टेबलावर पडून राहतो.

प्रथम कराचा प्रश्न घेऊ. 1 जुलै 2017 पासून देशात वस्तू व सेवा कर लागू झाला. त्यापूर्वी 2016 साली 101 वी घटनादुरुस्ती होऊन कलम 279-अ अन्वये जीएसटी परिषद स्थापन झाली. कोणत्या वस्तूवर किती टक्के कर असावा, याची शिफारस ही परिषद करते. केंद्रीय अर्थमंत्री तिचे अध्यक्ष असतात, अर्थखात्याचे केंद्रीय राज्यमंत्री सदस्य असतात आणि प्रत्येक राज्याचा एक मंत्री तेथे बसतो. मतदान झाल्यास केंद्राच्या मताचे वजन एकतृतीयांश व सर्व राज्यांचे मिळून दोनतृतीयांश असते. निर्णयाला तीनचतुर्थांश बहुमत लागते. थोडक्यात, केंद्राला डावलून तेथे काही होत नाही आणि केंद्र एकट्याने काही करू शकत नाही.

या परिषदेत खासदाराला खासदार म्हणून जागा नाही. दर ठरले की अधिसूचना निघते. लोकसभेत त्या दरावर एकेक करून मतदान होत नाही. परिषदेच्या शिफारशी संसदेवर व विधिमंडळांवर बंधनकारक नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 19 मे 2022 रोजी सांगितले असले, तरी व्यवहारात दर परिषदेतच ठरतात. म्हणून वाळलेल्या मिरचीच्या करासाठी केवळ खासदाराकडे जाऊन भागत नाही. महाराष्ट्राच्या वतीने परिषदेत बसणाऱ्या मंत्र्यांपर्यंतही ती गोष्ट पोहोचली पाहिजे, आणि तो मार्ग आपल्या आमदारांमार्फत जातो.

अशा मागण्यांचा उपयोग होत नाही असे मात्र नाही. 3 सप्टेंबर 2025 रोजी झालेल्या परिषदेच्या 56 व्या बैठकीनंतर 22 सप्टेंबरपासून ट्रॅक्टरवरील कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. ठिबक सिंचनाच्या साधनांवरील करही तसाच उतरला. विडीच्या पानांवरील, म्हणजे तेंदूपत्त्यावरील, कर 18 वरून 5 टक्के झाला. किनवट-माहूरच्या जंगलात पाने तोडणाऱ्या आणि सीमेपलीकडे निजामाबाद भागात विड्या वळणाऱ्या कुटुंबांचे पोट या पानाशी बांधलेले आहे.

डिझेलची गोष्ट वेगळी. पेट्रोल व डिझेल अद्याप जीएसटीच्या बाहेर आहेत. त्यांच्यावर केंद्र उत्पादन शुल्क घेते आणि राज्य मूल्यवर्धित कर घेते. खासदाराने लोकसभेत विचारले, तर दुसरा भाग राज्याचा आहे असे उत्तर मिळते. आमदाराने विधानसभेत विचारले, तर पहिल्या भागाकडे बोट दाखवले जाते. पंपावर उभा राहणारा मात्र दोन्ही भरतो.

आता वनाचा प्रश्न. हा विषय मूळ राज्यघटनेत राज्यांकडे होता. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत आला, म्हणजे केंद्र व राज्य दोघेही त्यावर कायदे करू शकतात. वनजमिनीचा वापर बदलावयाचा असेल, तर केंद्राचा 1980 चा कायदा पाहावा लागतो. परंतु धर्माबादच्या शेतकऱ्याचा सागवान सहसा वनात नसून त्याच्याच बांधावर असतो. तेथे महाराष्ट्राचा 1964 चा वृक्षतोड विनियमन कायदा लागू होतो. सागाबरोबर आंबा, चिंच, मोह, जांभूळ अशी झाडे त्याच्या अनुसूचीत आहेत. या कायद्यात बदल हवा असेल तर तो मुंबईत वा नागपुरात, विधिमंडळात होईल. दिल्लीतील खासदार त्यावर कितीही पोटतिडकीने बोलले, तरी त्या अनुसूचीतील एक शब्दही तेथे बदलणार नाही.

उलट उदाहरण बांबूचे. वनस्पतिशास्त्र बांबूला गवत मानते. 1927 च्या भारतीय वन कायद्याने मात्र त्याला झाडांत बसवले होते. 2006 च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज म्हटले, तरी अडचण सुटली नाही. एप्रिल 2011 मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गडचिरोलीतील मेंढा-लेखा येथे जाऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती दिला. नोव्हेंबर 2017 मध्ये अध्यादेश निघाला, डिसेंबरमध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला आणि वनाबाहेर, शेतात वाढवलेला बांबू झाडाच्या व्याख्येतून मोकळा झाला. महाराष्ट्रात वनक्षेत्र सर्वांत कमी असलेल्या जिल्ह्यांत लातूरची गणना होते; 2016 साली त्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्याच जिल्ह्यात विधान परिषदेचे माजी सदस्य पाशा पटेल बांबू लागवडीचा आग्रह धरत आले आहेत. हा प्रश्न संसदेच्या दारचा होता. नव्वद वर्षांनी का होईना, तो तेथेच सुटला.

मग खासदाराच्या हाती असते तरी काय? प्रश्नोत्तराच्या तासात तोंडी उत्तराचे प्रश्न दिवसाला 20 घेतले जातात. लेखी उत्तराचे त्याहून पुष्कळ अधिक. तातडीचे विषय शून्य प्रहरात मांडता येतात. नियम 377 अन्वये मतदारसंघाचा प्रश्न लेखी स्वरूपात सभागृहापुढे ठेवता येतो व त्यावर मंत्रालयाकडून उत्तर अपेक्षित असते. मराठीत बोलण्यासही मुभा आहे. शुक्रवारी अशासकीय विधेयके येतात. परंतु 1970 नंतर असे एकही विधेयक संमत होऊन कायदा झालेले नाही. हातकणंगल्याचे तत्कालीन खासदार राजू शेट्टी यांनी 2018 साली शेतकऱ्यांची कर्जमुक्ती आणि हमीभावाचा हक्क यांसाठी अशी दोन विधेयके मांडली होती. 2019 मध्ये ती लोकसभा संपली आणि विधेयकेही तिच्याबरोबर गेली.

धर्माबाद तालुका नायगाव विधानसभा मतदारसंघात येतो आणि नायगाव हे नांदेड लोकसभा मतदारसंघात. 2024 साली निवडून आलेले खासदार वसंतराव चव्हाण पूर्वी नायगावचे आमदार होते. म्हणजे या तालुक्याला दोन्ही सभागृहे पाहिलेला प्रतिनिधी लाभला होता. परंतु 26 ऑगस्ट 2024 रोजी त्यांचे निधन झाले. नोव्हेंबरच्या पोटनिवडणुकीत त्यांचे पुत्र रवींद्र चव्हाण अवघ्या 1,457 मतांनी विजयी झाले. एवढ्या थोड्या मतांनी निवडून आलेल्या प्रतिनिधीला कोणत्याही गावाचे पत्र बाजूला सारणे सोपे नसते, हे आमचे वैयक्तिक मत.

दारांचा हा गोंधळ 2018 साली या तालुक्याने वेगळ्याच रूपात पाहिला. त्या वर्षी मे महिन्यात तेलंगणात 'रयतू बंधू' योजना सुरू झाली व तेथील शेतकऱ्याला दर हंगामाला एकरी 4,000 रुपये मिळू लागले. गोदावरीपलीकडचे हे चित्र पाहून सीमेवरील काही सरपंचांनी आम्हालाही तेलंगणात घ्या, अशी मागणी केली. त्यांना हवी असलेली मदत राज्याच्या अधिकारातील होती. परंतु राज्याची सीमा बदलण्याचा अधिकार घटनेच्या कलम 3 प्रमाणे संसदेचा आहे. मुंबईने नीट ऐकले असते, तर दिल्लीची भाषा निघाली नसती.

पोप पायस अकरावे यांनी 1931 च्या 'क्वाद्राजेसिमो आन्नो' या विश्वपत्रात पूरकतेचे तत्त्व मांडले. जे काम खालच्या पातळीवरील समूह करू शकतो, ते वरच्या सत्तेने हिरावून घेऊ नये, असा त्याचा आशय. त्याची दुसरी बाजू आपण विसरतो: जे काम वरच्याच पातळीवर होऊ शकते, त्यासाठी तेथवर जाण्याचे कष्ट खालच्यांनी घ्यावे लागतात.

त्यासाठी सामान्य नागरिकालाही एक वाट आहे, आणि ती फारशी कोणाला ठाऊक नाही. लोकसभेची याचिका समिती सार्वजनिक हिताच्या विषयांवर नागरिकांचे अर्ज विचारात घेते. विषय केंद्राच्या अखत्यारीतील असावा व न्यायप्रविष्ट नसावा. खासदारामार्फत सादर होणाऱ्या अर्जावर त्यांची प्रतिस्वाक्षरी लागते. अर्ज मराठीत लिहिला, तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडून त्यावरही अर्जदाराने सही करावयाची असते. बांधावरच्या सागाचा अर्ज मात्र तेथे पाठवू नये. तो नायगावच्या आमदारांकडे द्यावा.