16 हजार अँपिअरची वाट

वीज म्हटली की डोळ्यांपुढे येतात ते रानावनातून गेलेले उंच मनोरे आणि त्यांवरच्या तारा. पण विजेची सर्वांत अवघड वाट विद्युत्केंद्राच्या आवारातच असते, जनित्रापासून रोहित्रापर्यंतची. चंद्रपूरला आहेत तसल्या 500 मेगावॅटच्या संचांत जनित्राची वीज साधारणपणे 21 हजार व्होल्ट दाबाने निघते, आणि प्रवाह भरतो सुमारे 16 हजार अँपिअर. घरची इस्त्री चार-साडेचार अँपिअर घेते. साडेतीन हजार इस्त्र्यांचा प्रवाह एकेका फेजमधून अहोरात्र वाहतो असे समजा. पुढे रोहित्राने दाब 4 लाख व्होल्टवर चढवला की हाच प्रवाह साडेआठशे अँपिअरवर येतो. तोवर तो वाहून नेण्याचे काम बसडक्टचे. मधोमध वाहक नळी, तिला चिनी मातीच्या टेकूंचा आधार, भोवती अ‍ॅल्युमिनियमचे मोठे नळकांडे. आणि अशी तीन नळकांडी, प्रत्येक फेजला स्वतंत्र.

वाहक पोकळ का? दिशा पालटणारा प्रवाह धातूच्या पृष्ठभागाशीच दाटून वाहतो. आपल्याकडच्या 50 आवर्तनांना अ‍ॅल्युमिनियममध्ये त्याची खोली सुमारे 12 मिलिमीटर धरतात. भरीव दांडा केला तर गाभ्यातला धातू बसून पगार खाणार. हा आरोप आम्हा कामगारांवर नेहमी होतो. दांड्याच्या बाबतीत तो खरा आहे! तांबे अधिक चांगले वाहक खरे, पण तेवढाच रोध ठेवायचा तर अ‍ॅल्युमिनियमचे वजन तांब्याच्या निम्म्याने भागते. वाहकाला बाहेरून आणि नळकांड्याला आतून काळा, चमक नसलेला रंग देतात, कारण काळा पृष्ठभाग उष्णता लवकर टाकतो. तो रंग शोभेचा म्हणून वाचवू पाहणारे महाभाग मी पाहिले आहेत.

आता आवरणाकडे वळू. प्रवाह वाहणाऱ्या दोन तारा एकमेकींना ओढतात किंवा ढकलतात, हे आँपेअर या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1820 साली दाखवले. उघडे वाहक एक मीटर अंतरावर असले आणि शॉर्ट होऊन क्षणभर 1 लाख अँपिअर वाहिले, तर दर मीटर लांबीवर सुमारे 200 किलोचा धक्का बसतो. प्रवाह दुप्पट झाला की धक्का चौपट, म्हणजे 800 किलो. टेकू फुटायला तेवढे पुरे. म्हणून तिन्ही नळकांडी सलग जोडून दोन्ही टोकांना जाड पट्ट्यांनी एकत्र बांधतात. मग वाहकाच्या प्रवाहामुळे नळकांड्यात जवळजवळ तेवढाच उलटा प्रवाह आपोआप उभा राहतो, बाहेरचे चुंबकीय क्षेत्र बरेचसे मावळते आणि धक्काही कमी होतो. याची किंमत आहेच: आवरणही तापते. म्हणून त्याची जाडी ठरवताना काटकसर जपून करावी लागते.

दुसरा लाभ मला अधिक मोलाचा वाटतो. प्रत्येक फेज स्वतंत्र धातूच्या घरात असल्याने त्या वाटेवर दोन फेज एकमेकांना भिडतच नाहीत. बिघाड झाला तर फेज आणि जमीन यांच्यात होतो. जनित्राचा मध्यबिंदू मोठ्या रोधातून जमिनीला जोडलेला असल्याने असा प्रवाह थोड्याच अँपिअरांवर थोपतो. शेजारी उभा असलेला माणूस त्यामुळे वाचतो.

एका केंद्रात, नाव घेत नाही, बसडक्टजवळच्या लोखंडी कठड्याला हात लावला की चटका बसतो अशी तक्रार पाळीवरच्या लोकांनी केली. उन्हाने तापत असेल, असे उत्तर मिळाले. तक्रार रात्रपाळीची होती! कठड्याचे बंद कडे झाले होते, आणि जवळच्या क्षेत्रामुळे त्यात प्रवाह फिरत होता. कडे एका जागी तोडून मध्ये निरोधक तुकडा बसवला आणि चटका थांबला. एका फेजच्या भोवती लोखंडाचे बंद कडे नको, हा नियम आपल्या गिरणीतल्या केबललाही लागू आहे. तीन फेजच्या तीन सुट्या केबली लोखंडी पत्र्याच्या तीन वेगळ्या भोकांतून नेल्या, तर तो पत्राही तापतो.

सगळ्यांत नाजूक जागा सांध्याची. अ‍ॅल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर चढतो आणि तो वीज अडवतो. म्हणून बोल्टच्या सांध्यांवर चांदीचा मुलामा देतात. सांध्याचा रोध ओहमचा केवळ लाखावा भाग असला तरी 16 हजार अँपिअरला तिथे अडीच किलोवॅट उष्णता निघते. घरातला पाणी तापवायचा बंब साधारण तेवढाच. बोल्ट सैल झाला की रोध वाढतो, उष्णता वाढते, आणि सांधा अधिकच बिघडतो. फार आवळला तर मऊ धातू दबतो, आणि थंड-गरम होताना पकड सुटते. दहा मीटरची नळी 50 अंशांनी तापली तर साडेअकरा मिलिमीटर वाढते. त्यासाठी मध्ये लवचिक पट्ट्यांचे जोड ठेवावे लागतात.

म्हणून बोल्टला किती जोर द्यायचा ते ठरलेले असते आणि ते मोजून देणारा पाना वेगळा असतो. निविदेत हे काम सर्वांत स्वस्त ठेकेदाराला जाते. त्याची माणसे दर शटडाऊनला नवी असतात, आणि एवढ्या सगळ्यांत तो पाना एकच असतो. आमच्या संघटनेने मागणी केली ती साधी होती: प्रत्येक सांध्याचा मोजलेला रोध, तारीख आणि आवळणाऱ्याचे नाव वहीत लिहावे, आणि ती वही पुढच्या शटडाऊनला काम करणाऱ्याच्या हातात द्यावी.