समुद्रात बुडी मारल्यानंतरची खाज

दिवाळी-नाताळच्या सुट्टीत आपल्या संकेश्वर, गडहिंग्लज, निपाणी भागातील तरुण मंडळी आता मालवण-तारकर्लीला जाऊन स्कूबा डायव्हिंग करून येतात. म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात बुडी मारतात. परतल्यावर कोणाच्या अंगावर पुरळ उठते, रात्रभर खाज सुटते. “खारे पाणी बाधले” असे म्हणून घरची मंडळी खोबरेल चोळतात. पण दोष सहसा मिठाचा नसतो.

पाण्याची खाज शेतकऱ्यांना नवी नाही. भाताच्या चिखलात रोपलावण करताना पोटऱ्यांवर बारीक पुरळ येते, त्याचे एक कारण गुरांच्या रक्तातील चपटे कृमी. त्यांची अंडी शेणावाटे पाण्यात जातात, पाण्यातल्या गोगलगाईत वाढतात आणि डोळ्यांना न दिसणारी पिल्ले आपल्या कातडीत शिरतात. माणसाच्या अंगात ती जगत नाहीत. मरतात, पण खाज ठेवून जातात. येथे उपाय सोपा: पाण्याबाहेर येताच पाय खसखसून कोरडे पुसावेत.

समुद्रात नेमके हेच करू नये. जेलीफिशची बारीक पिल्ले, किंवा खडकावर नेच्यासारखे वाढणारे हायड्रॉइड नावाचे जीव, यांच्या अंगावर विषारी सूक्ष्म नळ्या असतात. पिल्ले पोहण्याच्या कपड्यात अडकतात. घासले किंवा वरून गोडे पाणी ओतले की न फुटलेल्या नळ्याही फुटतात. म्हणून कपडे आधी उतरवावेत, अंग समुद्राच्याच पाण्याने धुवावे, व्हिनेगर मिळाल्यास लावावे. साबण आणि गोडे पाणी त्यानंतर. कपडे साबणाने स्वच्छ धुऊन चांगले वाळवल्याशिवाय पुन्हा घालू नयेत. हे पुरळ आठ-पंधरा दिवसांत जाते. ओठ सुजले, दम लागला तर मात्र तत्काळ दवाखाना गाठावा.

आमच्या मते खरी काळजी तिसऱ्या खाजेची. दहा मीटर खोलीवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो आणि श्वासातील नायट्रोजन रक्तात विरघळतो. माणूस घाईने वर आला की गोटी सोड्याची बाटली फोडावी तसे त्याचे बुडबुडे होतात. मग पोट, खांदे, मांड्यांवर खाज सुटून लाल-जांभळे, संगमरवरासारखे चट्टे उठतात. सोबत सांधे दुखतात, मुंग्या येतात, चक्कर येते. पर्यटकांच्या थोड्या खोलीच्या एका बुडीत हे क्वचितच घडते. प्रशिक्षण घेऊन दिवसात दोन-तीनदा खोल जाणाऱ्यांना धोका अधिक.

आता आपला परतीचा रस्ता पाहा. सावंतवाडी सोडली की आंबोली घाट, उंची सुमारे 690 मीटर. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणजे बुडबुडे आणखी फुगणार. विमानाने जाणाऱ्या पाणबुड्यांना एका बुडीनंतर किमान 12 तास आणि अनेक बुड्यांनंतर 18 तास थांबण्यास सांगतात. विमानातील हवेचा दाब साधारण 600 ते 2400 मीटर उंचीवरच्याइतका धरून हा नियम केला आहे. आंबोली त्यात बसते. तेव्हा पोरांनी दुपारी बुडी मारून त्याच संध्याकाळी घाट चढू नये. एक मुक्काम मालवणातच करावा, खर्च वाढला तरी चालेल.

असे चट्टे दिसलेच तर घरी आणण्याची घाई नको. रुग्णाला आडवे ठेवून 108 ला फोन करावा, प्राणवायू सुरू करण्यास सांगावे आणि किती खोल, किती वेळा, केव्हा बुडी मारली हे डॉक्टरांना आधी सांगावे.