कुत्रा, पाऊस आणि पायताण

जुलै महिना. पहाटेचे साडेपाच वाजले आहेत. रात्रभर कोसळून पाऊस आत्ताच जरा थांबला आहे आणि तुमचा मोती शेपटी हलवीत दारापाशी उभा आहे. त्याला चपला घालायच्या नसतात की रेनकोट शोधायचा नसतो. तुम्ही मात्र अंधारात चाचपडत पायांत येईल ते सरकवता, खुंटीवरचे हाताला लागेल ते अंगावर चढवता आणि निघता. पायांत येते ती बहुधा हवाई चप्पल, आणि अंगावर प्लॅस्टिकचा रेनकोट.

मीही पुष्कळ वर्षे असाच निघत असे. एका श्रावणात टेकडीच्या उतारावर मांजर आडवे गेले, कुत्र्याने झेप घेतली आणि मी पाठीवर आपटलो. डावे मनगट सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये होते. घरातल्यांनी कुत्र्याला दोष दिला. पण पुढे बसल्या बसल्या एक साधा हिशेब केला तेव्हा खरा दोषी कोण ते कळले. तो हिशेब तुम्हीही करून पाहा; नववीच्या भौतिकशास्त्राबाहेरचे त्यात काही नाही.

समजा, कुत्र्याचे वजन २० किलोग्रॅम आहे आणि तो सेकंदाला ४ मीटर वेगाने झेपावला. साखळी ताणली गेली, तुमचा हात थोडा पुढे ओढला गेला आणि ०.४ सेकंदात कुत्रा थांबला. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. येथे तो ८० होता आणि ०.४ सेकंदात शून्य झाला. म्हणजे सरासरी बल ८० भागिले ०.४, अर्थात २०० न्यूटन. २० किलोग्रॅमची धान्याची पिशवी उचलायला साधारण एवढेच बल लागते. आता तुमचे वजन ४५ किलोग्रॅम धरू. कोरड्या रस्त्यावर चांगल्या रबरी तळाचा घर्षणांक ०.७ घेतला, तर तुमचे पाय ४५ × ०.७, म्हणजे सुमारे ३१ किलोग्रॅम वजनाइतकी आडवी ओढ सोसतील. कुत्र्याची ओढ २० ची. तुम्ही हेलपाटाल, पण पाय घसरणार नाहीत. आता त्याच जागी शेवाळलेला ओला दगड आणा. तेथे घर्षणांक ०.२ पर्यंतही उतरू शकतो. ४५ × ०.२ म्हणजे ९. पुढचे सांगायला नको.

यात कुत्र्याचे वजन आपल्या हाती नाही, मांजर तर नाहीच. हाती आहे तो फक्त घर्षणांक, आणि तो ठरतो पायताणाच्या तळावर. ओल्या जमिनीवर पाय पडला की तळ आणि जमीन यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो. तो बाहेर फेकला गेला तरच रबर दगडाला भिडते. तळावरच्या खाचा त्यासाठीच असतात. दाबले गेलेले पाणी त्यांतून वाट काढते. मोटारीच्या टायरवर जी नक्षी असते तिचेही काम हेच. आता तुमची चप्पल उलटी करा आणि टाचेखाली बोट फिरवा. खाच लागत नसेल, तळ गोट्यासारखा गुळगुळीत झाला असेल, तर पावसाळ्यापुरती ती चप्पल घरातच वापरा.

हवाई चपलेत आणखी एक खोड आहे. तिला मागे पट्टा नसतो. पाऊल ओले झाले की चपलेखाली एक निसरडा पृष्ठभाग असतोच, शिवाय पाऊल आणि चप्पल यांच्यामध्ये दुसरा तयार होतो. चप्पल जागेवर राहते आणि पाय पुढे जातो. घसरून पडलेल्यांची चप्पल पुष्कळदा अंगठ्यापाशी का तुटते, हे आता तुमच्या लक्षात येईल.

मग काय घालावे? टेकडीवर किंवा मातीच्या वाटेने जाणार असाल, तर खोल खाचांचे, टाच घट्ट धरणारे बूट. कॅनव्हासचे चालतात, ते भिजतात, पण पायांना सोडत नाहीत. कातडी बूट पावसात नकोत. भिजून फुगतात आणि वाळले की लाकडासारखे कडक होतात. डांबरी रस्त्याने जायचे असेल, तर मागे पट्टा असलेली प्लॅस्टिकची पावसाळी सँडल पुरे. आणि जेथे गल्लीत पाणी साचलेले असते तेथे गमबूट.

गमबुटांचा आग्रह का, ते जरा विस्ताराने सांगतो. लेप्टोस्पायरा नावाचे, फिरकीच्या खिळ्यासारखे वळलेले जिवाणू उंदरांच्या मूत्रावाटे बाहेर पडतात. गुरांच्या व कुत्र्यांच्या मूत्रातही ते असू शकतात. साचलेल्या पाण्यात आणि चिखलात ते टिकून राहतात आणि पायावरच्या कापल्या-खरचटल्या जागेतून, बोटांच्या बेचक्यांतल्या चिरांतून शरीरात शिरतात. यातून होणारा ताप, लेप्टोस्पायरोसिस, मूत्रपिंडांवर आणि यकृतावर घाला घालू शकतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. लाखो माणसे कंबरभर पाण्यातून घरी गेली आणि पुढच्या आठवड्यांत या तापाचे रुग्ण एकाएकी वाढले. रोज कुत्र्याला फिरवणारा माणूस अशा पाण्यातून लहान प्रमाणावर, पण रोज जात असतो. पायाला जखम असेल तर उघड्या पायांनी डबक्यात उतरू नका. फिरून आल्यावर पाय साबणाने धुवा. आणि पावसाळ्यात जोराचा ताप आला, तर आपण साचलेल्या पाण्यातून चाललो होतो हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. निदानाला त्याची फार मदत होते. कुत्र्यासाठी या रोगाची लस मिळते, ती पशुवैद्यांकडून टोचून घ्यावी.

गमबुटांची दुसरी बाजूही सांगायला हवी. ते जड असतात, आत घाम साठतो, आणि वरून पाणी शिरले की प्रत्येक पायात एकेक बादली घेऊन चालल्यासारखे होते. पण गवतातून जाताना त्यांचा एक मोठा फायदा आहे. आपल्याकडे घोणस आणि फुरसे हे विषारी साप जमिनीलगत पडून असतात आणि सर्पदंश बहुतेक पावलावर किंवा घोट्याच्या आसपास होतात. जाड बूट, लांब विजार आणि हातात बॅटरी एवढ्यानेही धोका पुष्कळ कमी होतो. कुत्रा गवतात नाक खुपसून थबकला तर त्याच्यामागे हात घालू नका, साखळीने मागे ओढा.

आता अंगावरच्या कपड्यांकडे वळू. येथे शत्रू एकच आहे, पाणी. पण ते दोन्ही बाजूंनी येते. पावसाचे बाहेरून आणि घामाचे आतून. भरभर चालताना तुमचे शरीर स्वस्थ बसलेल्या माणसाच्या सुमारे तिप्पट उष्णता निर्माण करते आणि ती घालवण्यासाठी घाम येतो. एक ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शरीरातून जाते. वाफेला वाट मिळाली तरच हे जमते. एक प्रयोग करा. हात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मनगटाशी सैल दोरा बांधा आणि दहा मिनिटे थांबा. पिशवी आतून धुरकट, मग ओली होईल. पाऊस तर नव्हता. मग पाणी आले कुठून? साध्या रेनकोटात तुमच्या सबंध अंगाचे हेच होते.

ही अडचण रेनकोटाइतकीच जुनी आहे. चार्ल्स मॅकिंटॉश या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८२३ मध्ये नॅफ्थ्यात विरघळवलेले रबर कापडाच्या दोन थरांमध्ये भरून जलाभेद्य कापडाचे पेटंट घेतले. पाऊस आत येईना, पण घामही बाहेर जाईना. १९६९ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गोर यांनी टेफ्लॉन झटक्याने ताणून त्यात अतिसूक्ष्म छिद्रे पाडली. या छिद्रांतून पाण्याचा थेंब जात नाही, पण वाफेचे रेणू जातात. गोर-टेक्स कापड यातून निघाले. ते महाग असते. शिवाय वाफ बाहेर पडते ती आतला बाष्पदाब बाहेरच्यापेक्षा जास्त असेल तेव्हा. युरोपच्या थंड पावसात हा फरक मोठा असतो. मुंबईच्या दमट उकाड्यात तो फारसा उरत नाही, आणि एवढे पैसे मोजून माणूस आतून ओलाच.

कोकणातल्या शेतकऱ्याने यावर फार साधा उपाय काढला होता. भात लावताना तो इरले घेई. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर पानांचे आच्छादन. ते डोके आणि पाठ झाके, पण पुढून आणि खालून मोकळे असे. पाऊस वरून निथळे आणि वारा आत खेळे. तुम्ही कुत्र्याबरोबर इरले घेऊन निघालात तर गल्ली हसेल खरी, पण त्यातले तत्त्व घ्यायला हरकत नाही. अंगाला घट्ट बसणाऱ्या रेनकोटापेक्षा सैल, काखेत भोके असलेला किंवा पुढून उघडता येणारा रेनकोट निवडा. छत्री मात्र नको. एका हातात साखळी, दुसऱ्या हातात वाऱ्याने उलटणारी छत्री, मग पडताना टेकायला तिसरा हात कुठून आणणार?

रेनकोटाखाली काय घालावे? सुती कपडा उन्हाळ्यात उत्तम, कारण तो घाम टिपून हळूहळू वाळू देतो. पावसात हाच गुण अवगुण होतो. भिजलेले सूत अंगाला चिकटते. धाग्यांमध्ये हवा असते तेथे पाणी भरते, आणि पाणी हवेच्या सुमारे २४ पट उष्णतावाहक आहे. पॉलिएस्टरचा धागा पाणी जवळजवळ शोषतच नाही, म्हणून असा सदरा पिळून झटकला की अर्ध्या तासात वाळू लागतो. घरच्या तराजूवर सुती आणि पॉलिएस्टर कापडाचे सारख्या वजनाचे दोन तुकडे घ्या, भिजवून पिळा आणि दर दहा मिनिटांनी तोला. आकडे वहीत मांडून आलेख काढलात तर कपड्याच्या दुकानदारापेक्षा तुम्हांला अधिक कळेल.

या सगळ्यांत लोकर निराळी. पिढ्यान्‌पिढ्या कुत्र्याबरोबर पावसात चालत आलेला माणूस म्हणजे आपला धनगर मेंढपाळ, आणि त्याच्या खांद्यावर असते घोंगडी. पाऊस आला की तिची खोळ करून तो डोक्यावर घेतो. लोकरीच्या तंतूचा पृष्ठभाग थेंबाला सहजासहजी भिजू देत नाही, पण वाफ मात्र तंतूच्या आत शिरते. आपल्या वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश बाष्प शोषूनही लोकर हाताला ओली लागत नाही, आणि ते शोषताना थोडी उष्णता बाहेर टाकते. घोंगडी टोचते, मुसळधार पावसात भिजून जडही होते. पण थंडीतल्या पहाटेसाठी लोकरीचे मोजे आणि पातळ स्वेटर यांना तोड नाही.

रंगाविषयी एक गंमत. पहाटे गाडीवाल्याला दिसावे म्हणून तुम्ही कदाचित लालभडक रेनकोट घ्याल. पण अंधुक प्रकाशात डोळ्यांतल्या शंकुपेशी मंदावतात आणि दंडपेशी काम करू लागतात. त्यांना लाल रंग जवळजवळ काळा दिसतो. पुर्किंजे या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे टिपून ठेवले होते. पिवळा किंवा पांढरा रंग घ्या. पाठीवर आणि कुत्र्याच्या पट्ट्यावर परावर्तक फीत शिवा. ती दिव्याचा प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवते. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला १४ मीटर येते, हे लक्षात घेतले तर या फितीची किंमत कळेल.

उन्हाळ्यात कपड्यांचा प्रश्न सोपा असतो, टोपी आणि सैल सुती सदरा. पण तुमच्या पायांत तळवे असलेले बूट असतात आणि कुत्रा अनवाणी. मे महिन्यातल्या दुपारी डांबर ६० अंश सेल्सिअसच्याही वर तापू शकते. हाताची पालथी बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकून पाहा. टेकवत नसेल तर फिरणे संध्याकाळी उशिरा.

पावसाळा सरता सरता गवत वाळते आणि मोजे कुसळांनी व काट्यांनी भरतात. विजारीचे पाय मोज्यांत खोचले तर गोचिडांपासूनही बचाव होते. चिकटलेले काटे मात्र लगेच फेकू नका. १९४१ मध्ये जॉर्ज द मेस्त्राल हा स्विस इंजिनियर आल्प्समध्ये कुत्र्याबरोबर भटकून आला, तेव्हा त्याच्या विजारीला आणि कुत्र्याच्या केसांना अशीच काटेरी फळे चिकटली होती. त्याने एक सूक्ष्मदर्शकाखाली धरले. प्रत्येक काट्याच्या टोकाला बारीक आकडा होता, आणि तो कापडाच्या फासात अडकला होता. यावरून त्याने बनवलेल्या पट्टीचे पेटंट १९५५ मध्ये झाले. तीच वेल्क्रो, तुमच्या सँडलचा मागचा पट्टा कदाचित तिनेच बंद होत असेल. आपल्याकडच्या लांडग्या गोखरूची फळेही अशीच आकडेवाली असतात. शाळेतल्या भिंगाखाली धरून बघा.

घरी आल्यावर भिजलेले बूट चुलीपाशी किंवा कडक उन्हात ठेवू नका, डिंकाचे जोड सुटतात. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला. कागदाच्या तंतूंमधल्या बारीक पोकळ्या पाणी ओढून घेतात. आणि हे सारे दाराबाहेर उरका, कुत्र्यापासून चार पावले दूर उभे राहून. कारण ओला कुत्रा अंग झटकतो तेव्हा सेकंदाला चार-पाच वेळा कातडी इकडून तिकडे फिरते, आणि त्याच्या केसांतले बरेचसे पाणी काही क्षणांत भिंतीवर, चपलांवर आणि जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या कोरड्या सदऱ्यावर जाते.